कबंधाचे पोट आणि मापिंग्वारीचे पाय

ॲमेझॉनच्या अरण्यातल्या मापिंग्वारी नावाच्या राक्षसाला प्राणिशास्त्राच्या पिंजऱ्यात कोंडण्याचा जो उद्योग तीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे, त्याच्याविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणाऱ्या आणि तेवढ्यावर नरकासुर मेला असे मानून फराळाला बसणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना एका परदेशी राक्षसाची ही कैफियत परकी वाटू नये. उद्या कोणी पंडित आपल्या ओसरीवर येऊन म्हणाला, की 'प्राग्ज्योतिषपूर म्हणजे आसाम. आसामात गेंडे फार. तेव्हा नरकासुर हा वास्तविक गेंडाच होता, आणि कारीट हे त्याच्या डोळ्याचे प्रतीक होय,' तर आपण काय करू? एक चकली त्याच्या हातावर ठेवू आणि विषय बदलू. मापिंग्वारीच्या मुलखातल्या माणसांना मात्र ही सोय कोणी ठेवलेली नाही. त्यांच्याकडे टिपणवही उघडूनच जातात.

आधी हा मापिंग्वारी कोण ते सांगितले पाहिजे. ब्राझीलच्या पश्चिमेकडच्या आक्रे, रोंदोनिया, आमाझोनास या राज्यांतले आदिवासी आणि रबराचा चीक काढणारे मजूर याची गोष्ट सांगतात. उभा राहिला की माणसाहून उंच, अंगभर तांबूस केस, हाताला कोयत्यासारख्या नख्या. ओरडला की रान थरारते. जवळ आला की अशी दुर्गंधी सुटते, की माणसाला घेरी यावी. कातडे सुसरीसारखे, बंदुकीची गोळी लागत नाही, लागलीच तर बेंबीत. पावले उलटी, म्हणजे माग काढणारा नेमका विरुद्ध दिशेला जातो. कपाळावर एकच डोळा. आणि तोंड आहे ते पोटावर. सगळ्याच गोष्टींत हे सगळे तपशील नसतात. गोष्टी सांगणारेही गावोगावचे निराळे. काही कथांत तो मुळात माणूसच होता, म्हातारपणी रानात गेला आणि असा झाला. काही कथांत रविवारी किंवा सणावारी शिकारीला निघणाऱ्यालाच तो गाठतो.

आता विद्वानांची बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडणार आहे, कारण ती पोरकट नाही. बेलें शहरातल्या गोएल्डी संग्रहालयातले पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड ओरेन यांनी १९९३ साली एक निबंध लिहून प्रश्न विचारला: भूचर स्लॉथ ॲमेझॉनमध्ये अगदी अलीकडेपर्यंत टिकून राहिले असतील काय? २००१ साली त्यांनी तोच धागा पुन्हा उचलला. स्लॉथ म्हणजे आपले अस्वल नव्हे. आज जगणारे स्लॉथ चार ते आठ किलोंचे, झाडाला उलटे लोंबकळणारे गरीब जीव आहेत. परंतु त्यांचे पूर्वकालीन भाऊबंद जमिनीवर चालत; त्यातले मेगाथेरियम तर हत्तीएवढे होते. मायलोडॉन नावाच्या भूचर स्लॉथच्या कातड्यात हाडांच्या बारीक गोट्या दाटीने पेरलेल्या असत. गोळी न लागण्याचे कारण मिळाले! हे प्राणी पावलाच्या कडेवर भार देऊन चालत, त्यामुळे ठसा वाकडा उमटे. उलट्या पावलांचे कारण मिळाले! नख्या होत्याच, केस होतेच, मागच्या पायांवर उभे राहता येत होतेच. गणित इतके जुळते, की वाचणाऱ्याच्या अंगावर क्षणभर काटा येतो. माझ्याही आला.

ओरेन स्वतः रानात गेले, एकदा नव्हे अनेकदा. जे केस हाती लागले ते अगौटीचे, म्हणजे सशाएवढ्या एका उंदीरवर्गीय जनावराचे निघाले, आणि विष्ठा निघाली मुंगीखाऊची. त्या गृहस्थांनी आपली नोकरी आणि लौकिक पणाला लावून तपास केला. त्यांना हसणाऱ्यांत मी नाही. माझे भांडण त्यांच्या पायपिटीशी नाही. एखाद्या गोष्टीचा अर्धा भाग पुरावा म्हणून घ्यायचा आणि उरलेला अर्धा भाग अडाण्यांची भर म्हणून टाकून द्यायचा, या रीतीशी माझे भांडण आहे.

ही रीत नवी नाही. १७८८ साली आर्जेंटिनातल्या लुहान नदीच्या काठचा मेगाथेरियमचा सांगाडा माद्रिदला पोहोचला. तो पाहून स्पेनच्या दरबारातून हुकूम सुटला, की या जातीचे एखादे जिवंत जनावर पाठवून द्यावे, लहान असले तरी चालेल! राजेच ते, हाडे आली आहेत म्हणजे मांसही कुठेतरी असेलच, असा त्यांचा हिशेब. १७९७ साली अमेरिकेच्या थॉमस जेफर्सन यांनी अशाच एका स्लॉथच्या नख्या पाहून तो प्रचंड सिंह असावा असे अनुमान केले, आणि पश्चिमेच्या अफाट मुलखात तो अजून हिंडत असेल अशी आशा धरली. कुव्हिये यांनी मात्र १७९६ सालीच पॅरिसमध्ये बसून, नुसती चित्रे पाहून सांगितले होते, की माद्रिदचा प्राणी स्लॉथच्या कुळातला आहे आणि त्याची जात संपली आहे. संपली! हा शब्द त्या काळी किती जड होता याची आज कल्पना येणार नाही. देवाने निर्मिलेले काही नाहीसे होते, हे मानायला माणसे तयार नव्हती. मला वाटते, अजूनही ती मनातून तयार नाहीत.

खरी बहार झाली ती पुढे शंभर वर्षांनी. दक्षिण चिलीत 'अखेरची आशा' अशा अर्थाच्या नावाची एक खाडी आहे. तिच्या जवळच्या एका गुहेत १८९५ साली हर्मान एबरहार्ड यांना कातड्याचा एक तुकडा मिळाला: तांबूस केस, आत हाडांच्या गोट्या, आणि इतका ताजा, की जनावर काल-परवा सोलले असावे. आर्जेंटिनाचे प्रसिद्ध पुराजीवशास्त्रज्ञ फ्लोरेंतिनो आमेघिनो यांनी १८९८ साली जाहीर केले, की हा प्राणी जिवंत आहे. त्यांनी त्याचे बारसेही करून टाकले. नाव ठेवले रामोन लिस्ता यांचे. या लिस्तांनी पूर्वी म्हणे पॅटागोनियात केसाळ खवल्या मांजरासारखे एक जनावर पाहिले होते, गोळी झाडली होती, आणि ते जसेच्या तसे झुडपात निघून गेले होते. साक्ष द्यायला लिस्ता उरले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचा खून झाला होता. मग लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' पत्राने हेस्केथ प्रिचर्ड यांना पॅटागोनियात धाडले. १९०० साली ते निघाले, शेकडो मैल घोडदौड केली, आणि त्या जनावराचा मागमूस नाही असे सांगत परतले. पुढे किरणोत्सारी कार्बनाने काळ मोजायची युक्ती निघाली, तेव्हा कळले की गुहेतले ते ताजे कातडे दहा ते तेरा हजार वर्षांपूर्वीचे आहे. थंड, कोरड्या गुहेने ते जपून ठेवले होते. आपल्या आजीने माळ्यावरच्या बरणीत लिंबाचे लोणचे जपावे तसे.

तेव्हा राजा चुकला, राष्ट्राध्यक्ष होणारा माणूस चुकला, आणि खंडातला पहिल्या प्रतीचा शास्त्रज्ञही चुकला. रानातला मनुष्य यात कुठेच नव्हता. आशा यांची होती. मग १९९३ साली रानातल्या माणसाच्या गोष्टीला हेच जुने टिपण का चिकटवायचे?

आता उलट्या पायांचे घेऊ. वाचकहो, या ओळी वाचणाऱ्यांपैकी ज्याने लहानपणी 'भुताचे पाय उलटे असतात' हे ऐकले नाही असा एक तरी मराठी माणूस मला दाखवा. कोकणातली हडळ घ्या, उत्तर हिंदुस्थानातली चुडैल घ्या, पावले उलटीच. खुद्द ब्राझीलमध्ये कुरुपिरा म्हणून जो अरण्याचा राखणदार पोर आहे, त्याचीही पावले उलटी, आणि त्याला कोणी स्लॉथ म्हणत नाही. मग मापिंग्वारीची तेवढी उलटी पावले हाडांच्या रचनेतून आली, आणि आमच्या पिंपळाखालच्या हडळीची कुठून आली? की सावंतवाडीच्या रानातही मायलोडॉन होते? उलटे पाऊल ही गोष्टीतली खूण आहे. जे आपल्या जगातले नाही, ज्याच्या मागे गेल्यास घर सापडणार नाही, त्याची ती खूण आहे. हे आमच्या शाळेतल्या चौथीच्या पोरांना न शिकवता कळते.

आणि पोटावरचे तोंड? येथे तर सगळ्या पंडितांची पाचावर धारण बसते. कोणी म्हणतात, ते तोंड नव्हेच; दुर्गंध सोडणारी ग्रंथी असेल. हाडे दगड होऊन उरतात, ग्रंथी उरत नाही. म्हणजे हे स्पष्टीकरण खोटे पाडण्याची सोयच नाही. फार सोयीचे! परंतु आपल्याला या बाबतीत ॲमेझॉनला जाण्याची गरजच नाही. रामायणाच्या अरण्यकांडात, सीतेला शोधत हिंडणाऱ्या राम-लक्ष्मणांना कबंध भेटतो. त्याला डोके नाही, तोंड पोटात, छातीवर एकच डोळा, हात योजनभर लांब. एकच डोळा आणि पोटात तोंड! मापिंग्वारीचा हा सख्खा भाऊच म्हणायचा. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी आफ्रिकेत अशीच बिनडोक्याची, छातीवर तोंड असलेली माणसे असल्याचे लिहितो. सर वॉल्टर रॅले गियानाची मोहीम करून आला आणि १५९६ साली छापलेल्या पुस्तकात त्याने एवाइपानोमा नावाची तसलीच जमात नोंदवली. स्वतः पाहिली नव्हती, पण विश्वास होता. आता या सर्वांचे एकच प्राणिशास्त्रीय कारण देऊन दाखवा बरे! दंडकारण्य, आफ्रिका आणि गियाना, तिन्ही ठिकाणी हिंडलेले असे कोणते जनावर आहे?

कबंधाचे तोंड पोटात का गेले, याचे उत्तर रामायणानेच दिले आहे. इंद्राने वज्र हाणून त्याचे डोके धडात चेपले. राम-लक्ष्मणांनी त्याचे हात तोडले, त्याला अग्नी दिला, आणि त्या ज्वाळांतून दिव्य रूपाने उठून त्याने सुग्रीवाचा पत्ता सांगितला. कथेत त्याचे काम हे आहे. वाट चुकलेल्या दोन शोकमग्न माणसांना वाट दाखवणारा असा, सर्वांत विद्रूप असावा, यात जे आहे ते हाडांच्या मोजमापात सापडत नाही.

दुसरा एक पक्ष आहे, तो स्वतःला अधिक शहाणा समजतो. तो म्हणतो, स्लॉथ कशाला? मोठा मुंगीखाऊ आहे की! हे जनावर चाळीस किलोंपर्यंतचे. चवताळले की मागच्या पायांवर उभे राहते आणि दोन्ही हात पसरते. त्याच्या नख्यांनी ब्राझीलमध्ये दोन शिकारी प्राणास मुकल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली छापून आली आहे. ठीक. पण मुंगीखाऊ गर्जत नाही. तर म्हणे गर्जना हाउलर माकडाची. ती काही मैलांवर ऐकू जाते. दुर्गंधी पेकारी नावाच्या रानडुकरासारख्या कळपांची, त्यांच्या पाठीवर गंधाची गाठ असते. आपल्याकडे अंधगजन्याय प्रसिद्ध आहे: आंधळ्यांनी एक हत्ती चाचपला आणि त्याची सहा जनावरे केली. येथे डोळसांनी सहा जनावरे गोळा करून एक हत्ती उभा केला आहे! आणि ज्याच्या हातून हा घोटाळा झाला असे म्हणायचे तो कोण? तर जो अंधारात नुसत्या आवाजावरून माकड ओळखतो, वासावरून डुकरांचा कळप किती वेळापूर्वी गेला हे सांगतो, आणि मुंगीखाऊला लहानपणापासून ओळखतो तो! त्याला मुंगीखाऊ ओळखता आला नाही, आणि आरामखुर्चीत बसलेल्याला तो आला. हे मानायला किती मोठा अहंकार लागतो!

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मॅट्रिक, कादंबऱ्या लिहिता, जीवशास्त्राच्या वाटेला का जाता? नवे प्राणी सापडतच नाहीत का? सापडतात. ओकापी १९०१ साली जगापुढे आला. त्याहून सरस उदाहरण मी स्वतःच माझ्या विरोधकांना देतो. दक्षिण अमेरिकेतच, चाको प्रदेशातल्या एका पेकारीचे वर्णन १९३० साली केवळ जीवाश्मांवरून झाले होते; सर्वांना वाटे ती जात कधीच संपली. १९७० नंतरच्या काही वर्षांत ती पॅराग्वेत जिवंत सापडली आणि १९७५ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पण सापडली कशी? स्थानिक लोक तिला ताग्वा म्हणत, मारून खात, तिच्या कवट्या दाखवत. तिच्या गोष्टीत उलटे पाय नव्हते, गोळीला दाद न देणारे कातडे नव्हते. जे खरोखर जनावर असते त्याची चव लोकांना ठाऊक असते. मापिंग्वारी मारला असे सांगणारे शिकारी भेटले आहेत. पण त्याचे दात, नखी, हाड आजपर्यंत एकानेही पुढे ठेवलेले नाही. रानातला माणूस जनावर आणि राक्षस यांत गल्लत करत नाही. गल्लत होते ती टिपणवहीत.

आपल्या डहाणू-जव्हारकडचे वारली पाहा. बिबट्याचा माग, त्याची वेळ, त्याची खोड त्यांच्याइतकी कोणाला माहीत? आणि तेच लोक वाघोबाला पुजतात, दगडा-लाकडावर त्याची मूर्ती कोरतात. बिबट्या वेगळा आणि वाघोबा वेगळा, आणि तरीही दोघांचे नाते आहे, हे त्यांना पक्के समजते. त्यांच्याकडे जाऊन कोणी विचारले की वाघोबा हा बिबट्या की पट्टेरी वाघ, ते नक्की सांगा, तर ते हसतील.

राहिला तो स्मृतीचा मुद्दा. स्लॉथ जिवंत नसेल, पण त्याची आठवण गोष्टीत उरली असेल, असे मवाळ मंडळी म्हणतात. यात एक गोष्ट खरी आहे. माणसाने ते प्राणी पाहिले होते. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यात सांता एलिना येथे स्लॉथच्या कातड्यातली हाडे घासून, भोक पाडून दागिन्यासारखी केलेली सापडली. पंचवीस हजार वर्षांहून जुनी असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून माझे मन फार हेलावले. कोणा आईने ते हाड लेकराच्या गळ्यात बांधले असेल! आणि भूखंडावरचे हे प्राणी संपल्यावरही क्यूबासारख्या बेटांवर ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकले. माणूस तेथे पोहोचला आणि तेही गेले. म्हणजे माणसाशेजारी ते टिकत नव्हते, हे त्यांचे चरित्रच सांगते. अशा प्राण्याची आठवण तोंडोतोंडी दहा हजार वर्षे राहिली असे म्हणणाऱ्याने एवढेच सांगावे, की मग गोष्टीतून हत्तीएवढा आकारच तेवढा का गळून पडला?

मला कथा रचण्याचा थोडा सराव आहे, म्हणून मोहाची जागा मला ओळखू येते. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात सेआरा प्रांतातली हजारो माणसे रबराच्या रानांत लोटली गेली. मालकाच्या दुकानातले कर्ज कधी फिटत नसे. उजाडण्यापूर्वी, एकट्याने, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत मैलोगणती चालायचे. हात मोकळे राहावेत म्हणून दिवा कपाळावर बांधलेला. अंधारात दुरून पाहणाऱ्याला काय दिसेल? कपाळावर एक जळता डोळा! हे सुचले तेव्हा मी लेखणी खाली ठेवून उठलोच. मग बसलो आणि ते खोडले, कारण हेही तेच झाले. गोष्टीचा एक दुवा सापडला म्हणून गोष्ट सुटली असे नव्हे. त्या माणसाला मालकाची भीती होती, रानाची होती, रविवारीही बंदूक घेऊन निघावे लागते या पापाची होती, आणि ती भीती सांगायला त्याला एक अंग हवे होते. पोटावर तोंड असलेले अंग त्याने निवडले. ज्याचे सगळे आयुष्य दुसऱ्याच्या पोटात गेले, त्याने दुसरे काय निवडावे?

या भांडणात हानी कोणाची होते, असे विचाराल तर सांगतो. गोष्ट सांगणाऱ्याला आपण दोनच जागा देतो: साक्षीदार किंवा थापाड्या. स्लॉथ सापडेपर्यंत साक्षीदार, न सापडला की थापाड्या. विचार करणारा शेजारी ही तिसरी जागा त्याला मिळत नाही. आणि जोवर आपण राक्षसाचे हाड शोधत आहोत, तोवर रानाकडे पाहायला फुरसत होत नाही. २०२१ साली संपलेल्या एका वर्षात ब्राझीलच्या ॲमेझॉनमधले तेरा हजार चौरस किलोमीटर जंगल तुटले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दीडपटीहून अधिक. मुंगीखाऊ, पेकारी, हाउलर, ज्यांचे तुकडे जोडून पंडितांनी राक्षस बनवला, ती सगळी खरी जनावरे त्या जंगलात राहत होती.

ब्राझील सरकारने २००८ साली आमाझोनास आणि रोंदोनियाच्या सीमेवर एक राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. पंधरा लाख हेक्टरांहून मोठे. आणि नाव दिले मापिंग्वारी. मला ही बातमी समजली तेव्हा बरे वाटले होते. गोष्टीचा मान कोणीतरी गोष्ट म्हणून ठेवला होता. चारच वर्षांनी, २०१२ साली, मादेइरा नदीवरच्या जिराऊ आणि सांतो आंतोनियो या धरणांच्या पाण्याला जागा हवी म्हणून कायदा करून त्या उद्यानाची हद्द बदलली, आणि बुडणारी जमीन उद्यानातून काढून टाकली. ज्याच्या अंगाला गोळी लागत नाही अशी त्या मुलखात ख्याती, त्याच्या नावाची जमीन एका सहीने कापली गेली. त्या वर्षी मापिंग्वारी स्लॉथ आहे की मुंगीखाऊ, यावरचा वाद चालूच होता.